हयातीचा टोला

ही गोष्ट कोणालाही खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. आजवर ती मी निदान चाळीस वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी ऐकणाऱ्यांपैकी दोघे तरी धोतर झटकून मध्येच उठून गेले आहेत. महाडच्या एका वकिलांनी, हे तुम्ही शपथेवर सांगाल का, असं विचारलं होतं. मी म्हटलं, शपथेवर सांगायचं तर तुमच्या अशिलांसारखं सांगावं लागेल; त्यापेक्षा साधंच सांगतो. परवा संध्याकाळी आमच्या ओटीवर ती एकेचाळिसाव्यांदा सांगितली. ऐकायला नेहमीचीच मंडळी होती. नवीन होती ती एकटी आवडी, आमच्या गोमाजीची मुलगी. तवसं, म्हणजे आमच्याकडची मोठी काकडी, द्यायला आली होती, ती जाता जाता पायरीवर टेकली. गोमाजी कोण, ते आता येतंच आहे.

महाडहून पोलादपूरच्या रस्त्याला लागलं की सावित्रीच्या काठी एक गाव लागतं. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून माझ्यावर रागावून आहेत. वस्ती तीन हजार, त्यातली निम्मी मुंबईला गिरणीत. पण सरकारने गावाला कमिटी दिली होती. कमिटीला एक कचेरी, कचेरीत एक कारकून, तो मी. गाव मला भाऊ कारकून म्हणे. कचेरीच्या दारात आंबा, आंब्याच्या फांदीला मुंबईहून कोणीतरी आणलेला आगगाडीच्या रुळाचा हातभर तुकडा टांगलेला, आणि त्या तुकड्याखाली हातोडा घेऊन बसलेला गोमाजी. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला टोले द्यायचे, हे त्याचं काम. अडतीस वर्षं तो ते करत होता.

कचेरीत घड्याळ होतं, नाही असं नाही. पण ते आम्ही गोमाजीच्या टोल्यावर लावत असू. गोमाजी वेळ ओळखायचा आंब्याच्या सावलीवरून, आणि पावसाळ्यात भुकेवरून. त्याच्या ऐन उमेदीत बाराचे टोले पडले की दासगावच्या बंदरात होड्या हलत. दासगाव तिथून किती लांब आहे ते मला ठाऊक आहे, कृपा करून सांगू नका. तुडीलच्या एका बाईने तर आयुष्यभर त्या टोल्यांवर भात उतरवला, आणि तिचा भात कधी करपला नाही.

तर एकोणतीस सालच्या सुमारास गोमाजीचा उजवा खांदा धरला. हात कमरेच्या वर जाईना. सहा-सातपर्यंत तो कसेबसे टोले ओढायचा, पण बारा म्हणजे फार झाले. मग त्याने बाराचे दोन हप्ते केले. आधी सात द्यायचे, मग बुंध्याला टेकून दम खायचा, मग उरलेले पाच. आता ह्यात काय बिघडलं, असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. पण दिलावरभाईंची मोटार बाराला सुटून दासगावला मुंबईची लाँच गाठायची. त्या दिवशी दिलावरभाई मोटारीत डुलकी घेत होते. सात टोले पडले, ते झोपेत मोजले, अजून सकाळचे सातच वाजलेत म्हणाले आणि कुशीवर वळले. उतारू सोळा. भरती कोणासाठी थांबत नाही, लाँचही थांबली नाही. सोळा माणसं दोन दिवस दासगावला सुकी मासळी हुंगत बसली, आणि त्यात एक कमिटीचे अध्यक्ष भागोजीशेट ह्यांचे सख्खे व्याही होते.

सभा भरली. टोलेवाल्याला नारळ द्यावा असं ठरलं. इतर ठिकाणी नारळ देणं हे नुसतं बोलण्यात असतं. आमच्या कमिटीत खरोखरच देत: एक नारळ, एक सुपारी आणि भागोजीशेटांचं भाषण. कारकुनासाठी निदान फंड तरी कापला जाई. टोलेवाला, दिवेवाला, झाडूवाला ह्यांना तेवढाही नव्हता. ज्या दिवशी हात थांबला त्या दिवशी चूल थांबली.

गोमाजीची बायको मागेच गेली होती. घरात तो आणि आवडी. आवडीचा नवरा मुंबईला गिरणीत. बापापायी ती गावात राहिलेली. नोकरी गेली की झोपडीला कुलूप लावून दोघांनी मुंबईला जावयाच्या खोलीत जायचं, एवढंच उरत होतं. सभेनंतर गोमाजी माझ्या खिडकीशी आला. दोन वेळा खाकरला. मग म्हणाला, "भाऊसाहेब, जावयाच्या दारी मी पावना म्हणून जाईन. ऱ्हायला नाय जायचा." आणि जाऊन चारचे टोले दिले. चारही दिले. मी मोजले.

मी तसा शूर माणूस नाही. बावीस वर्षांत सभेत एकदाच बोललो होतो, तेही पंख्याच्या दोरीला कोणी पाय लावू नये, एवढंच. पण ठरावबुक माझ्या हातात होतं. भागोजीशेट अकरा वर्षं त्यावर न वाचता सही करत आले होते. त्यांची सही अर्धं पान खाई आणि ती करताना ते श्वास रोखून धरत, त्यामुळे वाचायला सवड होत नसे. मी नारळाचा ठराव पाचवा लिहिला, आणि त्याच्याखाली सहावा लिहिला: कमिटीच्या हलक्या नोकरांस साठीनंतर दरमहा चार रुपये पेन्शन मिळावी, तसा नियम करण्यास वरून मंजुरी मागावी, आणि उत्तर येईतो पाचवा ठराव स्थगित. सर्वानुमते. सर्वानुमते म्हणजे मी.

भागोजीशेटांनी श्वास रोखला आणि सही केली.

दोन महिन्यांनी वरच्या कचेरीचं पत्र आलं. ठराव स्तुत्य आहे, अध्यक्षांची दूरदृष्टी वाखाणण्यासारखी आहे, पुढील माहिती पाठवा. मी ते भर सभेत वाचून दाखवलं. आपण वाचलंच नव्हतं, असं म्हणायची भागोजीशेटांना सोय नव्हती. शेवटी ते म्हणाले की हा विचार पुष्कळ दिवस त्यांच्या मनात घोळत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हार आणला, आणि पुढच्या सभेपासून शेट गरिबांविषयी बोलू लागले. फक्त एक केलं त्यांनी. माझ्या खणातला कमिटीचा गोल शिक्का उचलला आणि आपल्या कनवटीला बांधला. तो पुन्हा मला कधी दिसला नाही. माझ्याकडे उरला कोंडवाड्याचा शिक्का, मोकाट गुरं सोडवायच्या पावत्यांवर मारायचा. गोमाजीच्या म्हशीला कमिटीच्या फुलझाडांचं वेड होतं, त्यामुळे तो शिक्का अगदीच पडून राहत नसे.

आता माहिती. पहिलीच ओळ: अर्जदाराचं वय, पुराव्यासह.

आमच्या गावात कोणाला वय विचारत नाहीत, कितव्या पुरातला असं विचारतात. सावित्री दर दोन-चार वर्षांनी गावात येऊन जाते आणि प्रत्येक पुराला नाव पडतं. मामलेदाराचं घोडं वाहून गेलं तो घोड्याचा पूर. लग्नाच्या मांडवातून लाडवांच्या पराती तरंगत खालच्या आळीत गेल्या तो लाडवांचा पूर. (खालच्या आळीने पराती परत केल्या. लाडवांविषयी आजही दोन मतं आहेत.) गोमाजी घोड्याच्या पुरात जन्मला, एवढं सगळ्यांना मान्य होतं. तेव्हापासूनचे पूर मोजायचे, प्रत्येकाला सरासरी दोन वर्षं धरायची, की झालं वय. असा माझा सरळ हिशोब.

तो मी आंब्याखाली बसून उघडपणे करायला घेतला, ही माझी चूक. पहिल्या दिवशी नऊ पूर झाले. दुसऱ्या दिवशी वरची आळी आली आणि म्हणाली, खालच्या आळीचेच पूर का? त्यांचे सात लिहिले. तिसऱ्या दिवशी साळूबाई आली. तिच्या एकटीच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलं होतं असा एक पूर होता, तो लिहून घेतल्याशिवाय ती जागची हलेना. तिचा पूर लिहिला म्हणून तिच्या जावेने दोन लिहवून घेतले. आठवड्याच्या शेवटी सत्तावन्न पूर जमले. मी नेटका माणूस. सत्तावन्न दुणे एकशे चौदा, असं सुवाच्य अक्षरात लिहून पाठवलं.

उलट टपाली विचारणा आली: अर्जदार नोकरीस लागला तेव्हा शहात्तर वर्षांचा होता असं दिसतं, इतक्या वृद्ध इसमाची नेमणूक कोणी व का केली, ह्याचा खुलासा व्हावा.

इथे हैबती हवालदार पुढे आले. गावात पेन्शन खाणारा हा एकच माणूस. पलटणीतून, बसऱ्याच्या लढाईवरून परत आलेले. दरमहा महाडला जाऊन आपण जिवंत आहोत असं दाखवून येत, आणि त्यामुळे जिवंत असण्याबद्दल त्यांना बराच अधिकार होता. ते म्हणाले, पुरांची हजेरी घ्या. ज्याचं पाणी गुडघ्याला लागलं नाही तो पूर फौजेत धरत नाहीत. मग पूर गाळायला घेतले. माणसं रडवेली झाली, साळूबाई महिनाभर आमच्याकडे ताक मागायला आली नाही, पण हवालदारांनी दया दाखवली नाही. पंधरा पूर उरले. हवालदारांनी सुतळीने गोमाजीची छाती मोजली, फुगवून आणि न फुगवता. डाव्या गालावरची चामखीळ ओळखीची खूण म्हणून नोंदवली. आणि कागद गेला: वय तीस, नोकरी अडतीस वर्षं.

उत्तर थोडं उशिरा आलं. अर्जदार जन्मापूर्वी आठ वर्षं कामावर रुजू झाला, ही निष्ठा कौतुकास्पद असली तरी नियमात बसत नाही.

दिलावरभाई म्हणाले, "भाऊ, चार-दोन पूर परत घाला की मधे. कोण मोजायला येतोय?" पण माझा स्वाभिमान दुखावला होता. बावीस वर्षांत माझा एकही कागद वरून परत आला नव्हता. (वर गेलेही थोडेच होते.) रात्रंदिवस ते आठ वर्षांचं न जन्मलेलं बाळ हातोडा घेऊन माझ्या डोळ्यांसमोर उभं राही. शेवटी वरच्या कचेरीनेच वाट दाखवली: वयाचं राहू द्या, अर्जदार साठीच्या पुढचा असून कामास नालायक आहे, असा डॉक्टरचा दाखला पाठवा.

हे सोपं होतं. खांदा खरोखरच गेलेला होता. दिलावरभाईंनी मोटारीत फुकट बसवलं. लाँच चुकल्याचा राग त्यांनी एका दिवसातच टाकला होता. उलट झोपेत मोजणं हा आपलाच दोष असं ते म्हणत. गोमाजीने धुतलेला सदरा घातला होता. महाडला डॉक्टरांनी त्याला स्टुलावर बसवलं, दात बघितले, पापण्या बघितल्या, म्हणाले, साठीच्या पुढचा आहे, प्रश्नच नाही. मग म्हणाले, उजवा हात वर करा. हात कमरेपर्यंत आला आणि थांबला. डॉक्टरांनी स्वतः उचलून बघितला, गोमाजीने ओठ चावला. डॉक्टरांनी हळहळून मान हलवली आणि टाक शाईत बुडवला.

तेवढ्यात त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ बाराचे टोले देऊ लागलं.

पहिल्या टोल्याला गोमाजी स्टुलावरून उठला. दुसऱ्याला त्याचा हात खांद्याच्या वर गेला. मूठ वळलेली, नजर समोर, आणि त्या खोलीत हवेतच त्याने एकेक टोला दिला, सगळे, एका दमात, हप्ते न पाडता. अकराव्याला त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बारावा देऊन तो खाली बसला, आणि हात लाकडासारखा मांडीवर पडला.

डॉक्टरांनी लिहिलं: कामास पूर्ण लायक.

मी पुष्कळ समजावलं. डॉक्टर म्हणाले, मी जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिणार. आम्ही परत निघालो. गावाचा आंबा दिसायला लागल्यावर गोमाजी खालच्या आवाजात म्हणाला, "चुकलं माजं, भाऊसाहेब. पर बारा वाजत व्हते."

आता ह्यापुढचं नीट ऐका, कारण लोक उठून जातात ते इथेच.

दाखला वर गेला आणि मी आशा सोडली. भागोजीशेटांनी नारळही सोलून ठेवला. आणि एके दिवशी दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना महाडकडून एक मोठी मोटार आली आणि बरोबर आंब्याखाली बंद पडली. आत वरच्या कचेरीतला मोठा साहेब. पोलादपूरवरून घाट चढून महाबळेश्वरला निघालेला. त्याचं सोन्याचं घड्याळ आमच्या दमट हवेने थांबलेलं. तो खाली उतरतो न उतरतो तोच गोमाजीने सात टोले दिले, साहेबाला हात जोडून जरा थांबा म्हणाला, आणि बुंध्याला टेकला. साहेबाला वाटलं, मधली शांतता ही प्रार्थना असावी. त्याने टोपी काढली. उरलेले पाच टोले पडेपर्यंत तो उन्हात बोडका उभा होता. मग त्याने मला विचारलं की हा काय प्रकार आहे. मी अकरा मिनिटं इंग्रजीत बोललो, एकही क्रियापद न वापरता. साहेबाला सगळं समजलं. तो म्हणाला, कागद आणा. टेबल नव्हतं, म्हणून मला वाकायला सांगितलं आणि माझ्या पाठीवर कागद ठेवून तिथल्या तिथे मंजुरी लिहिली. शेवटचा पूर्णविराम त्याने असा दाबून दिला की ती जागा अजून पावसाळ्यात दुखते.

आठ दिवसांनी हुकूम आला, शिक्क्यासकट. मी तो आंब्याखाली गोमाजीला मोठ्याने वाचून दाखवला. त्याने कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि बराच वेळ बघत राहिला. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मी विचारलं, काय बघतोस? त्याने शिक्क्यावरून अंगठा फिरवला. म्हणाला, "शिक्का झकास हाय, भाऊसाहेब." आणि घडी करून मुंडाशात खोवली.

कमिटीने टोल्यांचं एक घड्याळ घेतलं. ते साडेतीनला चार आणि चारला काहीच देत नसे, पण कोणाचा खांदा धरत नव्हता. गोमाजीच्या पेन्शनीला हैबती हवालदारांनी एक अट घातली: हयात दाखवल्याशिवाय पैसा द्यायचा नाही, सरकारचा तसा कायदा आहे. म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला, घड्याळाचे दहा झाले की गोमाजी येई आणि जुन्या रुळावर डाव्या हाताने एक टोला देई. मग माझ्या खिडकीशी येऊन अंगठा उठवून चार रुपये घेऊन जाई. अकरावा टोला ऐकला की गावाला कळे, आज एक तारीख आणि गोमाजी आहे. साळूबाई त्या टोल्यावर गोवऱ्या उलथायची. दिलावरभाई भोंगा वाजवून उत्तर द्यायचे.

त्याच सुमारास मी चहा आणि विड्या दोन्ही सोडलं. प्रकृतीला मानवत नव्हतं, दुसरं काही कारण नाही. आणि त्याच सुमारास आमच्या परसदारी भाजी यायला लागली. एक तारीख झाली की दुसऱ्या दिवशी आवडी टोपली ठेवून जायची: कधी वालाच्या शेंगा, कधी अळू, कधी भोपळा, आणि श्रावणापासून पुढे तवशी इतकी की आमच्या मुलांना त्यांची स्वप्नं पडत. मी गोमाजीला खडसावलं की सरकारी माणसाला अशी लाच देऊ नये. तो म्हणाला, भाजी हाय, लाच कशी व्हईल. पुढे मी नाद सोडला. तवशांवर रागावण्यात अर्थ नसतो.

अशी सहा वर्षं गेली. मग एका एक तारखेला घड्याळाचे दहा पडले, आणि अकरावा पडला नाही. दिलावरभाईंनी मोटार थांबवून ठेवली, उतारूंपैकी कोणी घाई करा म्हणालं नाही. साळूबाई गोवरी हातात धरून कुडाशी उभी राहिली. गोमाजी पहाटेच गेला होता. कचेरीपर्यंत अजून निरोप यायचा होता, पण न सांगता कळण्यासारखंच ते होतं. मी खिडकी लावली, बाहेर आलो, हातोडा उचलला आणि तो टोला मीच दिला. मेलेल्या माणसाची हयात दाखवणं हा गुन्हा आहे, आणि मी तो तीस वर्षांच्या नोकरीत एकदाच केला. पण त्यामुळे त्या महिन्याची पेन्शन आवडीच्या हातात पडली.

तर सांगायचं काय, की सरकारने एका टोलेवाल्याला पेन्शन दिली ती अशी, आणि हा शब्द न् शब्द खरा आहे.

परवा इथवर आलो आणि नेहमीप्रमाणे सुपारी कातरायला घेतली. कोणी उठून गेलं नव्हतं. तेवढ्यात पायरीवरून आवडी म्हणाली, "खोटं हाय."

आवाज चढवून नव्हे; भाकरी करपतेय असं सांगावं, तसं. हैबती हवालदार ओटीवर होतेच. त्यांनी विचारलं, कोणता भाग खोटा, साहेबाचा का?

"सायबाचं मला म्हाईत नाय," ती म्हणाली. तिने कमरेची चंची सोडली, त्यातून जीर्ण झालेली एक घडी काढली आणि उजेडात धरली. "बाबाच्या पेन्शनीचा कागद. हा शिक्का कोंडवाड्याचा हाय. अंड्यावानी, आन कडेला चीर. आमची म्हस सात वेळा तुमी धरून नेली, सात पावत्यांवर ह्योच बघितला आमी. बाबाला वाचाया येत नव्हतं, भाऊ. पर म्हशीचा शिक्का त्यो वळखत व्हता."

मी म्हणालो की त्या दिवशी गोल शिक्का भागोजीशेटांच्या कनवटीला होता, शेट व्याह्यांकडे गेले होते, आणि साहेब घाईत असल्यामुळे...

"ऱ्हाऊ द्या," आवडी म्हणाली. तिने कागद पुन्हा घडीवर घडी घालून चंचीत ठेवला आणि रिकामी टोपली काखेला लावली. "बाबाने त्याच दिशी वळखलं. घरी येऊन मला बोलला, हे कारकुनाच्या ताटातले चार रुपये हायेत गो, तर भाजी त्यांच्या दारी गेली पायजे. आन बोलला, मी असेतो त्यांना कळू द्यायचं नाय. मानूस लय मानी हाय."